नवी बॅटरी, तरी दर सोमवारी सेल्फ मुका: दुखणं नक्की कुठलं?

सांजवात

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे तिची साठवण). राहायला सिंहगड रोडला, ऑफिस एरंडवण्यात, म्हणजे एका बाजूला जेमतेम सहा किलोमीटर. सोमवार ते शुक्रवार गाडी रोज निघते, शनिवार-रविवार सहसा उभीच असते. जूनमध्ये बॅटरी बसली. चार वर्षं झाली होती, म्हटलं चला, तिचं आयुष्य संपलं. नवी टाकली. ऑगस्टपासून सोमवारी सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि संपलं. दुकानदाराने सप्टेंबरमध्ये वॉरंटीत बॅटरी बदलूनही दिली. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

दुकानात इंजिन चालू ठेवून मीटर लावला होता, १४.१ व्होल्ट आले. "ताई, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) ठणठणीत आहे, तुम्ही गाडी चालवत जा," असं म्हणाले. सोमवारी सकाळीच आईला फिजिओथेरपीला न्यायचं असतं. गेले तीन सोमवार तिला रिक्षाची वाट बघत उभं राहावं लागलं, ते मला फार लागलंय. आता तिसरी बॅटरी घ्यायची का?

चहाटळ

गाडीलाही सोमवार आवडत नाही असं दिसतंय. :) जाणकार येतीलच, तोवर पहिला नंबर माझा.

संत्रानगरी

ताई, आमच्या नागपुरात बॅटरी तीन वर्षं टिकली तरी लोक पेढे वाटतात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, बोनेटखाली तर त्याहून किती जास्त! उन्हाळ्यात बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटी आतून कुजतात आणि हिवाळ्याच्या पहिल्या गार सकाळी बॅटरी जीव सोडते. लोक म्हणतात थंडीनं मेली. मारलेलं उन्हानं असते, समजतं थंडीत. तुमच्या जुन्या बॅटरीलाही उन्हानंच मारलं असंल. पण नवीचं दोनदा? ते काही पटत नाही बाप्पा.

साताऱ्याचा_वायरमन

ताई, तिसरी बॅटरी घेऊ नका. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. बॅटरी बसली म्हणजे बॅटरीच खराब, असं नसतं. घरात पाणी टिकत नाही म्हणून आपण आधी टाकी बदलतो का? नळ गळतोय का ते बघतो.

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळेल. मला तीन आकडे कळवा.

पहिला आकडा गाडी निदान पाच-सहा तास उभी राहिल्यावरचा. बंद गाडीत, बोनेट उघडून. मीटरच्या पिना वायरच्या टोकाच्या चिमट्यावर नका टेकवू, बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर टेकवा. १२.६ च्या पुढं असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ आलं की निम्मी संपली. १२ च्या खाली गेली तर तिला उपाशी ठेवलंय असं समजा.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि मीटरवर डोळा ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फच्या ओढीला साडेनऊच्या खाली जाता कामा नये. भरलेली असून आठवर कोसळली तर तिचा एखादा सेल गेलाय.

तिसरा, इंजिन चालू असताना. आधी सगळं बंद ठेवून, मग हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून. दोन्ही वेळा १३.८ ते १४.५ च्या आसपास पाहिजे. १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर वेडा झालाय, बॅटरी शिजतेय.

गाडी नुकतीच फिरवून आणून पहिला आकडा घेऊ नका. वरवरचा चार्ज असतो, मीटर १२.८ दाखवतो आणि आपण फसतो.

ओहमचा_नियम

वायरमनदादांना पूर्ण अनुमोदन. "खुंट्यावर टेकवा" हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. खुंट्यावर १२.६ आणि चिमट्यावर सेल्फ मारताना ९ दिसले, तर मधला फरक गंजानं खाल्ला. बॅटरी निर्दोष असते, बिचारी चिमटा साफ न केल्याची शिक्षा भोगते.

शेतशिवार_लातूर

हेच आमच्या ट्रॅक्टरला झालतं. बॅटरी नवीकोरी, सेल्फ नुसता टकटक. वायरमन येईपर्यंत दोन दिवस गेले, पेरणीचे दिवस, जीव खालीवर. त्यानं आल्याआल्या जंपरची एक केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनच्या लोखंडाला. म्हणला मारा सेल्फ. पहिल्या झटक्यात चालू. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी आतून हिरवी होऊन कुजली होती, वरून रंग मारल्यामुळं दिसत नव्हती. नवी पट्टी टाकली, काम झालं. बॅटरीला उगंच शिव्या दिल्या.

जुनी_फियाट

धागा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या फियाटला अल्टरनेटरऐवजी डायनामो होता. आयडलला चार्जिंगच नाही, सिग्नलला थांबलं की लाल दिवा मिणमिणायचा, ॲक्सिलरेटर दिला की विझायचा. कटआऊटचे पॉइंट पॉलिश पेपरने घासणं हा रविवारचा उद्योग. बॅटरी बसली तर हँडल मारायचं नाहीतर धक्का.

सांजवातताई, एवढ्या मीटरची गरज नाही. सोपी युक्ती सांगतो. इंजिन चालू करा आणि बॅटरीची मायनसची वायर काढा. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर खराब. आयुष्यभर असंच तपासलं.

साताऱ्याचा_वायरमन

काका, वयाचा मान ठेवून सांगतो, हे कुणी करू नका. तुमच्या फियाटमध्ये एक कॉइल, एक पॉइंट आणि चार बल्ब होते, तिला चालून गेलं. आताच्या गाडीत ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एबीएस, एअरबॅग, टचस्क्रीन. बॅटरी ही त्या सगळ्यांची उशी असते. चालू इंजिनमध्ये ती काढली की अल्टरनेटरचा झटका चाळीस व्होल्टच्या वर उसळतो. माझ्याकडं अशी एक गाडी आलेली, पोरानं यूट्यूबवर बघून वायर काढली होती. ईसीयू गेला. त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

जुनी_फियाट

मान्य. माझा वरचा सल्ला मी मागे घेतो, कृपया कुणी करू नये. माहितीबद्दल आभार, दादा.

घाटवाट

अवांतर होईल, पण चार्जिंगचा विषय आहे म्हणून सांगतो. माळशेज उतरत होतो, रात्री दहा, पाऊस. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. म्हटलं बॅटरी नवी आहे, काही होत नाही, आणि तसाच पुढे गेलो. अर्ध्या तासाने वायपर सुस्तावले, मग हेडलाईट पिवळे पडले, मग पॉवर स्टिअरिंग जड. धुक्यात वळणावर स्टिअरिंग जड होणं काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. टोकावड्याला एका हॉटेलच्या अंगणात गाडी घातली आणि तिथेच ती निजली. सकाळी कळलं, अल्टरनेटरचा पट्टा तुटून खाली पडला होता.

तो दिवा "बॅटरी खराब" असं सांगत नाही, "चार्जिंग थांबलंय" असं सांगतो. तेवढं मला आधी माहीत असतं तर दिवा लागला तिथेच थांबलो असतो.

ओहमचा_नियम

घाटवाट, हिशेब बघा. दोन हेडलाईट ५५-५५ वॅटचे, म्हणजे साधारण ९ अँपिअर. पेट्रोल पंप, इग्निशन, इंजेक्टर मिळून आणखी आठ-दहा. वायपर आणि ब्लोअर लावला की २५ च्या पुढे. ३५-४५ एएचची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तासाभराच्या वर विश्वास ठेवू नये. दिवा लागला की एसी, ब्लोअर, गाणी, मोबाईल चार्जर बंद, आणि जवळच्या उजेडाच्या जागी थांबायचं. इंजिन बंद करू नका, परत सुरू होणार नाही. एक मात्र आहे: ज्या गाडीत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो, तिथे तापमानाचा काटा बघा. पट्टा तुटला असेल तर इंजिन तापेल, तिथे लगेच बंद करणंच शहाणपणाचं.

मिनेसोटाची_मैना

आमच्याकडे जानेवारीत उणे २५ सेल्सिअस नेहमीचंच. इथे बॅटरी घेताना एएचपेक्षा सीसीए हा आकडा बघतात: उणे १८ ला ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, तेही ७.२ व्होल्टच्या खाली न जाता. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि नेमकं त्याच वेळी ऑईल घट्ट होऊन सेल्फला जास्त ओढ लागते. आणि उतरलेली बॅटरी गोठते, हे मला इथे येऊन कळलं. भरलेलीतलं ॲसिड गोठत नाही, रिकामीत जवळजवळ पाणीच उरतं. गोठलेल्या बॅटरीला कधीही जंप देऊ नये, फुटू शकते. पुण्यात याचा उपयोग नाही, पण लडाखला गाडी नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर घेतला. आकडे असे:

शुक्रवारी रात्री उशिरा, गाडी उभी राहून चार तास झाले होते: १२.४५
सोमवारी सकाळी: ११.८
सेल्फ मारताना: ७.६, टकटक
शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन चालू केल्यावर: १४.१, सगळे दिवे लावून १३.७

टर्मिनल गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुतले, वर व्हॅसलीन लावलं. निळसर बुरशीसारखं काहीतरी होतं, ते गेलं. पण आकडे तेच.

साताऱ्याचा_वायरमन

शाब्बास ताई. आता चित्र स्वच्छ झालं. अल्टरनेटर भरतोय. सेल्फ मारताना ७.६ आले ते बॅटरी रिकामी होती म्हणून, त्यावरून तिला नापास करू नका. शुक्रवारी १२.४५ आणि सोमवारी ११.८, म्हणजे शनिवार-रविवारी उभ्या गाडीत कुणीतरी बॅटरी पितंय. करंट लिकेज. गाडीत बाहेरून काही बसवलंय का? डॅशकॅम, जीपीएस, ॲम्प्लिफायर, रिमोट लॉक?

सांजवात

डॅशकॅम आहे, पण तो सिगारेट लायटरच्या सॉकेटला. चावी काढली की बंद होतो. बाकी सगळं कंपनीचं.

गियरबदल

बूटमधला दिवा बघा! माझ्या भावाच्या गाडीत डिकी बंद केली तरी आतला दिवा चालूच राहायचा. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला आणि डिकी लावली, तेव्हा पुरावा मिळाला.

सांजवात

केलं तसंच. व्हिडिओत मिट्ट काळोख. दिवा विझतो.

ओहमचा_नियम

मग लिकेज मोजावंच लागेल. पद्धत नीट वाचून करा, कारण इथे घाईत लोक मीटर जाळतात.

मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. बॅटरीची मायनसची वायर १० नंबरच्या पान्याने सैल करून काढा. मीटरची एक पिन त्या वायरला, दुसरी मायनसच्या खुंट्याला. म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाईल. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही लावायचं नाही.

बोनेट उघडं ठेवायचंय, म्हणून बोनेटच्या लॅचमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून ते "बंद" झाल्यासारखं करा. दारं लावा, चावी घरात ठेवा. आणि मग थांबा. गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपायला वीस मिनिटं ते पाऊण तास घेतात. सगळं झोपल्यावर ०.०२ ते ०.०५ अँपिअर दिसलं तर निरोगी.

सांजवात

रविवारी दुपारी केलं. आई गच्चीवरून विचारत होती, "अगं, गाडी उघडून बसलीस ती बसलीस, जेवायला ये."

लावल्या लावल्या ३.८ आलं, मी घाबरले. मागचं एक दार नीट लागलं नव्हतं. लावल्यावर १.१. मग घड्याळ लावून चाळीस मिनिटं थांबले. शेवटी आकडा ०.३८ वर स्थिर झाला आणि तिथेच राहिला.

ओहमचा_नियम

सापडला चोर, आता फक्त त्याचं घर शोधायचं. ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला सुमारे ९ एएच. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ साठ तास धरले तर २३ एएच गेले. ३५ च्या बॅटरीतून. तीही शुक्रवारी पूर्ण भरलेली नव्हती, कारण सहा किलोमीटरची फेरी रोजची गळती जेमतेम भरून काढते. ११.८ येणारच होते. दुकानदाराने शंभर बॅटऱ्या बदलल्या असत्या तरी हेच झालं असतं.

आता मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये चोर. आतला फ्यूजबॉक्स आणि बोनेटखालचा, दोन्ही.

जुनी_फियाट

फ्यूज काढायला दार उघडलं की मॉड्यूल पुन्हा जागे होत नाहीत का?

ओहमचा_नियम

नेमका प्रश्न, काका. होतात. म्हणून दार उघडं ठेवून त्याचं लॅचही स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून घ्यायचं, मग थांबायचं. दुसरा मार्ग असा: फ्यूज काढायचाच नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे बिंदू असतात, त्यावर मीटर मिलिव्होल्टवर टेकवायचा. करंट जात असेल तर काही दशांश मिलिव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य.

सांजवात

दोन संध्याकाळी खर्च केल्या. सगळे फ्यूज एकेक करून काढून झाले. आकडा ०.३८ वरून हलत नाही! ०.०३ तेवढे कमी झाले मधल्या एका फ्यूजला, ते घड्याळ-रेडिओचं आहे. बाकी ०.३५ कुठे जातंय? आता मात्र मी हरले असं वाटतंय.

पायवाट

वाचनखूण साठवली. हे एखाद्या रहस्यकथेसारखं चाललंय, झोप येईना.

साताऱ्याचा_वायरमन

हरायचं काय त्यात, ताई? उत्तर जवळ आलंय. जे फ्यूजबॉक्सच्या फ्यूजमधून जात नाही असं गाडीत काय आहे? एक, सेल्फची जाड वायर. दोन, अल्टरनेटरची जाड वायर. तिच्यात मोठा फ्यूज असला तरी तो बॅटरीजवळ बोल्टनं आवळलेला असतो, हातानं निघत नाही, म्हणून तुम्ही तो काढला नसणार.

अल्टरनेटरच्या आत डायोड असतात. ते एकाच दिशेला करंट जाऊ देतात: अल्टरनेटरकडून बॅटरीकडं. एखादा डायोड अर्धवट गेला की रात्रभर उलटं झिरपतं, बॅटरीकडून अल्टरनेटरमध्ये. आणि गंमत अशी की तोच अल्टरनेटर दिवसा १४.१ देतो. म्हणून दुकानात पास झाला. त्यांनी इंजिन चालू असताना बघितलं, दुखणं इंजिन बंद असताना होतं.

दोन गोष्टी करा. इंजिन चालू, हेडलाईट लावून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या खुंट्यांवर लावा. चांगल्या अल्टरनेटरला ०.१ च्या आत असतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेलाच. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले की डीसीलाच २८-३० असा भलता आकडा दाखवतात, तसं झालं तर ही तपासणी सोडा.

दुसरी पक्की. बॅटरीची मायनस आधी काढा, हे विसरू नका. मग अल्टरनेटरच्या मागची रबरी टोपी सरकवा, खालचा नट सोडवून जाड वायर काढा, तिच्या तोंडाला इन्सुलेशन टेप गुंडाळा. मग पुन्हा मायनसला मीटर जोडा आणि थांबा. आकडा पडला तर समजा.

इलेक्ट्रिकवाला

हे सगळं वाचून वाटलं, बरं झालं ईव्ही घेतली.

मिनेसोटाची_मैना

इलेक्ट्रिकवाला, तुमच्याही गाडीत १२ व्होल्टची बॅटरी असते हो! मोठा बॅटरी पॅक जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, तीच खेचते. ती बसली तर पॅक ८० टक्के भरलेला असूनही गाडी उठत नाही. मैत्रिणीचं झालंय. अल्टरनेटर नाही, त्याच्या जागी मोठ्या पॅकमधून ही बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर.

इलेक्ट्रिकवाला

हे खरंच माहीत नव्हतं. आजच मॅन्युअलमध्ये शोधतो ती कुठे आहे.

संत्रानगरी

नव्या गाड्यावाल्यांसाठी एक विचारतो. माझ्या बीएस६ गाडीत चालताना कधी १२.८ दिसते, कधी १४.८. अल्टरनेटर बिघडला काय?

ओहमचा_नियम

नाही. नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर पळताना अल्टरनेटरचा भार कमी करून पेट्रोल वाचवतो, उतारावर पाय काढला की जोरात भरतो. मायनसच्या चिमट्यावर छोटी डबी दिसेल, तो सेन्सर. अशा गाडीत एका आकड्यावरून निकाल देऊ नये, सगळे दिवे लावून काही मिनिटं बघावं. आणि स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं ती) ईएफबी किंवा एजीएमच बॅटरी टाका, त्या वारंवार सेल्फ मारायलाच बनवलेल्या असतात. साधी स्वस्त पडते, पण लवकर मरते.

सांजवात

मंडळी!! एसीवर ०.२८ आलं, ना धड इकडे ना तिकडे. म्हणून दुसरी तपासणी केली. एकटीने करायची भीती वाटली, म्हणून धायरीच्या एका वायरमनदादांना बोलावलं आणि हा धागा त्यांना फोनवर दाखवला. त्यांनी शांतपणे सगळा वाचला आणि म्हणाले, "बरोबर सांगितलंय, असंच करू."

मायनस काढली, रबरी टोपी सरकवली, १२ नंबरचा नट सोडवला, वायरला टेप लावली, मीटर जोडला. चहा होईपर्यंत थांबलो. मीटरवर ०.०३.

दोघंही काही बोललो नाही क्षणभर. मग त्यांनी वायर परत टेकवली: ०.३८. काढली: ०.०३.

अल्टरनेटर खाली उतरवला, उघडून दाखवला. डायोड प्लेटवरचा एक डायोड टेस्टरवर दोन्ही बाजूंनी बोलत होता, म्हणजे दोन्ही दिशांना करंट जाऊ देत होता. कार्बनही (अल्टरनेटरचे ब्रश) झिजून बोटाच्या नखाएवढे उरले होते, तेही बदलले. सगळं मिळून २,४०० रुपये. बेअरिंग चांगलं होतं म्हणून ते उगाच बदललं नाही, हे मला फार आवडलं.

शेतशिवार_लातूर

लय भारी ताई. अन् त्या धायरीच्या भावाचंबी कौतुक, की दुसऱ्याचं ऐकून घेतलं.

घाटवाट

अभिनंदन! डायोड प्लेट हा शब्द आज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

साताऱ्याचा_वायरमन

ताई, एक काम राहिलंय. ती बॅटरी सात-आठ वेळा तळाला गेलीय, प्लेटींवर सल्फेट बसायला लागलं असणार. सहा किलोमीटरच्या फेऱ्यांनी ती पूर्ण भरायची नाही. धायरीच्या भावाकडं चार्जर असेल, कमी अँपिअरवर रात्रभर लावायला सांगा, ३५ च्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअर पुरे. जागा हवेशीर पाहिजे, जवळ विडी-काडी नको, भरताना हायड्रोजन निघतो. मग एक दिवस ठेवून मोजा. १२.६ टिकलं तर वाचली.

सांजवात

केलं. शुक्रवारी रात्री १२.७. आज सोमवार, सकाळी साडेसातला १२.६५. आई आधीच खाली येऊन पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी मीटर काढून बोनेट लावलं, चावी फिरवली आणि पहिल्याच फिरकीला इंजिन लागलं. आई म्हणाली, "साताऱ्याच्या त्या दादांना फोन कर." फोन नंबर नाही गं, म्हटलं, धाग्यावर लिहिते.

साताऱ्याचा_वायरमन

आईंना नमस्कार सांगा. त्यांचा गुडघा कसाय आता?

सांजवात

सांगितला. गुडघा बराय, जिना हळूहळू चढते. डॉक्टरांनी अजून सहा सोमवार बोलावलंय.